धूळ खरोखर गोळा करणारा सँडर: काय बघून घ्यावा?

काटकोन

सध्या पाव शीट कागद लावायचा चौकोनी पाम सँडर (लाकूड घासायचं हातातलं मशीन) आहे, मागे कापडी पिशवी असलेला. पिशवीत मूठभर भुकटी जमते, बाकीची खोलीभर. आता गोल पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर घ्यायचाय आणि या वेळी धुळीचा बंदोबस्त ही पहिली अट आहे.

काम म्हणजे भरीव लाकडाच्या ४० ते ६० सेंमी रुंद जोडफळ्या, टेबलटॉप, कपाटाची दारं, अधूनमधून व्हेनिअरचं प्लाय. खोली लहान, खिडकी एकच.

१) १२५ मिमी घ्यावा की १५० मिमी?
२) ऑर्बिट (पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलतो त्याचा व्यास) २.५ मिमी की ५ मिमी?
३) सँडरसोबत येणारा फिल्टरचा डबा पुरतो की व्हॅक्यूम लागतोच? घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर आहे, तो चालेल का?
४) जाळीच्या डिस्कने (जाळीदार घासकागदाच्या गोल चकतीने) खरंच फरक पडतो की नुसती जाहिरात?
५) बॅटरीवाला घेण्यात काही अर्थ आहे का?

पटाशी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

पिशवी किंवा डबा असलेल्या सँडरमध्ये मोटरच्या शाफ्टवरच एक छोटा पंखा असतो. तोच पॅडच्या भोकांतून हवा ओढतो आणि मागे पिशवीत ढकलतो. त्याचा जोर मुळातच थोडा. त्यात पिशवीला आतून भुकटीचा थर बसला की हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि भोकांपाशी ओढ जवळजवळ संपते. शिवाय पिशवीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे सगळ्यात बारीक कण कापडाच्या विणीतून बाहेर फेकले जातात. म्हणजे झाडून काढता येईल असा जाड भुसा पिशवी धरून ठेवते आणि फुफ्फुसात जाणारा नेमका हवेत सोडते. घडीच्या फिल्टरचा डबा याहून बरा, पण पाच-दहा मिनिटांनी ठोकून साफ करत राहावं लागतं, आणि ठोकताना जे उडतं ते पुन्हा तुमच्याच नाकात.

व्हॅक्यूम जोडला की गणित उलटतं. पॅडपासून फिल्टरपर्यंतच्या वाटेत दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, त्यामुळे सांध्यात बारीक फट असली तरी धूळ बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणून माझं स्पष्ट मत: मधल्या दर्जाचा सँडर आणि चांगला व्हॅक्यूम ही जोडी महागडा सँडर आणि पिशवी या जोडीपेक्षा केव्हाही सरस. बजेट आखताना आधी व्हॅक्यूम, पाइप आणि डिस्क यांचे पैसे बाजूला काढा, उरतील त्यात सँडर.

व्हॅक्यूममध्ये बघायच्या गोष्टी. युरोपीय मानकांत धुळीसाठी एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत. एल वर्गाच्या मशीनमधून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटलेली चालते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्के. लाकडाच्या कामाला एम योग्य. त्यात आणखी एक सोय असते: पाइपातल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की मशीन आवाज किंवा दिवा देऊन इशारा देतं. पिशवी भरली, पाइप दुमडला, फिल्टर चोंदला, काहीही असो, लगेच कळतं. एम वर्ग परवडत नसेल तर चांगला एल वर्ग, त्यात फ्लीसची (न विणलेल्या कृत्रिम कापडाची) पिशवी आणि मागे हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा), हेही चालेल. पण पिशवीशिवाय, नुसत्या टाकीत धूळ घेत बसू नका. सँडिंगची भुकटी थेट फिल्टरवर बसते आणि तो चोंदायला वेळ लागत नाही.

पिशवी कागदीपेक्षा फ्लीसची घ्या. कागदाचे छिद्र भुकटीने लवकर बुजतात, फ्लीसची पिशवी बरीच भरेपर्यंत हवा सोडत राहते.

व्हॅक्यूमवर सँडरसाठी सॉकेट असावं, म्हणजे सँडर सुरू केला की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि बंद केल्यावर काही सेकंद चालू राहून पाइपात राहिलेली धूळ ओढून घेतो. ओढ कमी-जास्त करायचं बटणही हवंच. ते का, ते खाली कोणीतरी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

पाइप: २७ ते ३२ मिमी आतल्या व्यासाचा पुरे. ३६ मिमीचा पाइप रंधा मशीन किंवा सर्क्युलर सॉला चांगला, सँडरला नुसतं वजन. वर्कशॉपमधला मोठा, १०० मिमी पाइपाचा डस्ट कलेक्टर सँडरला जोडायच्या भानगडीत पडू नका. तो भरपूर हवा हलवतो, पण ओढीचा दाब कमी. सँडरच्या बारीक तोंडातून हवा खेचायला व्हॅक्यूमसारखा १५ ते २५ किलोपास्कलचा दाब लागतो.

चौकट

पटाशी यांच्याशी बहुतांश सहमत. एका ठिकाणी मात्र नाही. "उरतील त्यात सँडर" हे धोकादायक वाक्य आहे. स्वस्त सँडरमध्ये व्हॅक्यूमचं तोंड बॉडीला नुसतं खोचलेलं असतं, पॅडभोवतीचा रबरी घेर आखूड किंवा ताठ असतो आणि आतल्या पंख्याची रचना पिशवीसाठी केलेली असते. अशा सँडरला कितीही भारी व्हॅक्यूम लावा, पॅडच्या कडेने धूळ सुटणारच. घ्यायच्या आधी हे बघा:

पॅड उलटा करून भोकांतून आत डोकवा. भोकांपासून तोंडापर्यंतची वाट मोकळी आणि रुंद हवी, मध्ये अरुंद कोपरे नकोत. बाहेरचं तोंड घट्ट बसणारं आणि कोणत्या मापाच्या पाइपाला जुळतं ते स्पष्ट लिहिलेलं हवं. पॅडला ब्रेक हवा, म्हणजे सँडर उचलल्यावर पॅड सुसाट फिरत राहत नाही. ब्रेक नसला तर फिरता पॅड लाकडावर टेकवताच पहिल्याच क्षणी गोल ओरखडा उमटतो. आणि वेग कमी-जास्त करता यायला हवा.

आता १२५ की १५०. हिशोब करा. १२५ मिमी पॅडचं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंमी, १५० मिमीचं सुमारे १७७. म्हणजे ४४ टक्के जास्त. ६० सेंमी रुंद टेबलटॉप सतत करायचे असतील तर १५०. पण तुमची दारं आहेत, चौकटीच्या ६-७ सेंमी रुंद पट्ट्या आहेत. त्यावर १५० मिमीचा पॅड दोन्ही बाजूंनी लोंबतो, बाहेर राहिलेल्या भोकांतून नुसती हवा ओढली जाते आणि धुळीवरची पकड सुटते. शिवाय कडा गोल होतात. एकच सँडर घ्यायचा असेल तर १२५, डोळे मिटून.

ऑर्बिटबद्दल: ५ मिमी लाकूड भराभर खातो, ८० आणि १२० नंबरला (कागदाचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत) उत्तम, पण १८० च्या पुढे त्याचे गोल दिसू लागतात, विशेषतः गडद स्टेन लावल्यावर. २.५ ते ३ मिमी सगळ्याला चालतो, फक्त ८० नंबरला वेळ जास्त घेतो. तुमच्या फळ्या आधी रंध्याने सपाट होत असतील तर ३ मिमीच्या आसपासचा घ्या. जोडाची उंच-सखल सँडरने काढायची सवय असेल तर आधी ती सवय बदला. त्यासाठी रंधा आहे. व्हेनिअरवर तर ५ मिमीला हातही लावू नका.

बॅटरीवाला: पाइप लावणारच असाल तर वायर वाचवून काय मिळवलं? बॅटरीचं वजन मात्र हातात येतं. वायरवाल्यात कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचे बुटके सँडर मिळाले तर मात्र जरूर बघा. हात लाकडाच्या जवळ राहतो, सँडर डुलत नाही. मिर्काचा डेरोस ३५० वॉटचा आणि जेमतेम एक किलोचा आहे, फेस्टूलची ईटीएस ईसी मालिका त्याच धाटणीची. दोन्ही महाग, पण रोज तासन्‌तास काम असेल तर मनगटाला फरक कळतो. युरोपात हाताला बसणाऱ्या कंपनांवर ८ तासांच्या हिशोबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कृतीची मर्यादा (ती ओलांडली की उपाय करावे लागतात) आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. सँडरच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा दिलेला असतो, तो याच्याशी ताडून बघा. वॉटचा आकडा बघून सँडर निवडणाऱ्यांनी हा आकडा बघितला तर बरं होईल.

भुसकट

जाळीच्या डिस्कबद्दल. जाहिरात नाही, फरक खरा आहे, पण पथ्य पाळलं तर.

साध्या डिस्कला ८ भोकं. धूळ जिथे तयार होते तिथून जवळच्या भोकापर्यंत तिला कागद आणि लाकूड यांच्यामधून सरपटत जावं लागतं. वाटेत ती दाण्यांच्या मध्ये चिकटते, कागद गुळगुळीत होतो, घासण्याऐवजी तापतो. वापरलेली डिस्क उलटी करून बघा: भोकांभोवती स्वच्छ पट्टा आणि दोन भोकांच्या मध्ये पिवळट चकचकीत डाग दिसतील. तो डाग म्हणजे तापून बसलेली धूळ आणि लाकडाचा चीक. त्यातली एखादी गुठळी सुटी होऊन पॅडखाली फिरली की डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे ओरखडे उमटतात. जाळीत सगळीकडेच भोकं, त्यामुळे धूळ तिथल्या तिथे वर ओढली जाते. कागद जास्त टिकतो, ओरखडे कमी.

पथ्य हे: जाळी थेट पॅडवर लावायची नाही, मध्ये पातळ संरक्षक चकती लावायची. जाळीच्या भोकांतून पॅडचे वेल्क्रोचे हुक लाकडाला घासतात आणि झिजून किंवा वितळून जातात. मग डिस्क फिरता फिरता निसटते आणि पॅडच बदलावा लागतो. चकती स्वस्त असते, ती झिजू द्या. आणि जाळी व्हॅक्यूमशिवाय वापरायची नाही. ओढ नसेल तर तीच भोकं धूळ वर उडवायची वाट होतात.

साधी डिस्क वापरणार असाल तर भोकं जुळवून लावा. अर्धं भोक झाकलं गेलं तरी ओढ पडते. पॅडच्या भोकांत पेन्सिल घालून डिस्क बसवली की चुकत नाही. पॅडवर खूप भोकं असली तर डिस्कची भोकं कशीही पडली तरी बऱ्यापैकी जुळतात. ८ भोकांच्या पॅडवर जाळी लावून जाळीचा पूर्ण फायदा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. पॅड बदलून मिळतो का, ते आधी बघा.

काटकोन

सगळ्यांचे आभार. नवीन काही घेण्याआधी एक प्रयोग केला. ओळखीच्या एकाचा १२५ मिमी सँडर आणून घरातला बिनपिशवीचा व्हॅक्यूम पाइपाला टेप गुंडाळून जोडला. धूळ खूपच कमी झाली. पण दोन गोष्टी खटकल्या. एक, सँडर लाकडाला चिकटून बसतो, ढकलायला जोर लागतो आणि बारीक गोल ओरखडे येतात. दोन, पंधरा-वीस मिनिटांत व्हॅक्यूमची ओढ गेली, मशीन बरंच तापलं आणि वास यायला लागला. दोष सँडरचा की व्हॅक्यूमचा? पाइपाला हात लागला की झटकेही बसत होते.

पटाशी

आधी व्हॅक्यूम बंद ठेवा, तो जळेल. घरगुती व्हॅक्यूममध्ये बहुधा ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. फिल्टर चोंदला की हवा कमी, म्हणजे मोटरला थंडावा कमी. वर्कशॉपच्या बऱ्याच व्हॅक्यूममध्ये मोटर थंड करायची हवा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे ओढ पडली तरी मोटर लगेच जळत नाही. बिनपिशवीच्या घरगुती मशीनमधला सायक्लोन (हवा गरागरा फिरवून कचरा वेगळा काढणारा भाग) केस आणि मातीसाठी असतो, सँडिंगची भुकटी त्यातून सरळ फिल्टरवर जाते. फिल्टर धुण्याजोगा असेल तर धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

हाच मुद्दा वेगळ्या बादलीच्या सायक्लोनलाही लागू आहे. तो रंध्याच्या ढलप्यांना छान. सँडरमधून येणारी हवा मुळात कमी, सायक्लोनला लागणारा वेग मिळत नाही आणि बारीक कण पुढे निघून जातात. शिवाय प्लास्टिकच्या बादलीवर स्थिर वीज साठते. फक्त सँडिंगसाठी सायक्लोनपेक्षा फ्लीसची पिशवी बरी.

झटक्यांचं कारणही तेच, कोरडी भुकटी प्लास्टिकच्या पाइपाला घासत जाते. अँटिस्टॅटिक पाइप घ्या, पण नुसता पाइप घेऊन भागत नाही. त्याची दोन्ही टोकं आणि व्हॅक्यूमचं तोंडही वीज वाहून नेणारं हवं, आणि ते अर्थिंगला जोडलेलं हवं. मध्ये एक साधा प्लास्टिकचा अडॅप्टर आला की साखळी तुटते आणि झटके सुरूच राहतात.

चौकट

चिकटण्याचं उत्तर. १५० मिमी पॅडखाली बाहेरच्यापेक्षा फक्त १ किलोपास्कल दाब कमी झाला तरी सुमारे १.८ किलोचा जास्तीचा भार बसतो. १२५ मिमीवर तो सव्वा किलो. आणि गुळगुळीत, सपाट फळीवर पॅड जवळजवळ सील होतो, तेव्हा दाब याहून बराच पडू शकतो. भार वाढला की पॅडचं स्वतःभोवती फिरणं थांबतं, तो नुसता जागच्या जागी थरथरतो. रँडम ऑर्बिटलमधला "रँडम" गेला की उरतात ते गोल. तुमचे ओरखडे तिथूनच येतायत.

ओढ कमी करा. व्हॅक्यूमवर बटण नसेल तर पाइपाच्या टोकाजवळची हवा सोडायची फिरती कडी थोडी उघडा. पॅडच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. चालू सँडरमध्ये ती रेघ गोल फिरताना डोळ्यांना दिसली पाहिजे. रेघ एका जागी थबकली तर ओढ तरी जास्त आहे किंवा हात तरी जड आहे. सँडरवर हाताचं वजन सोडून वेगळा दाब द्यायचा नसतो. ८० नंबरला ओढ पूर्ण चालते, कारण खडबडीत पृष्ठातून हवा खालून शिरते. १८० च्या पुढे बटण निम्म्यावर आणा.

सरकवायचा वेग सेकंदाला अडीच सेंमीच्या आसपास. बहुतेक लोक याच्या चार-पाचपट वेगाने इस्त्री फिरवल्यासारखं फिरवतात. फळीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारा, त्या पूर्ण गेल्या की तो नंबर झाला. ८०, १२०, १८० एवढे टप्पे बहुतेक कामाला पुरतात. प्रत्येक नंबरानंतर फळी व्हॅक्यूमने झाडा. आधीच्या नंबरचा एक सुटा दाणा राहिला तर पुढच्या डिस्कखाली तोच खेळ.

गुण्या

धुळीबद्दल दोन गोष्टी राहिल्यात, त्या लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. धोका मुख्यतः नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांना. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेची मर्यादा २०२३ पासून घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे. म्हणून व्हॅक्यूम असला तरी मास्क हवाच. एन९५ किंवा एफएफपी२ चालेल, फक्त तो चेहऱ्याला बसला पाहिजे. दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही. सँडर बंद केल्यावर मास्क लगेच काढू नका, बारीक कण बराच वेळ हवेत तरंगतात. जुन्या रंगावर सँडर चालवणार असाल तर आधी शिसं आहे का ते तपासा. असेल तर कोरडं घासायचंच नाही.

दुसरं, आग. अळशीच्या तेलासारखी सुकणारी तेलं किंवा वॉर्निश लावलेला पृष्ठ घासला की त्या धुळीचा ढीग पिशवीत आपोआप तापून पेट घेऊ शकतो, काही तासांनीसुद्धा. काम संपल्यावर पिशवी रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. आणि लोखंड घासलेल्या ग्राइंडरला तोच व्हॅक्यूम लावू नका. एक ठिणगी पिशवीत गेली की वरची सगळी चर्चा फुकट.

भुसकट

सँडर हातात आल्यावर धूळ किती पकडली जाते ते तपासायचं असेल तर स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. फळीचं वजन करा, नव्या पिशवीचं वजन करा, ८० नंबरने दहा मिनिटं घासा, दोन्ही पुन्हा तोला. फळीतून कमी झालेल्यातलं पिशवीत किती आलं ते कळेल. पण वजनाच्या आकड्यावर भुलू नका. ९५ टक्के पकडलं म्हणजे छान वाटतं, राहिलेल्या ५ टक्क्यांत मात्र जास्त भरणा अगदी हलक्या कणांचा असतो. म्हणून दुसरी चाचणी: खोलीत अंधार करा, टॉर्च फळीच्या पातळीत आडवा धरा आणि सँडर चालवा. पॅडच्या कुठल्या बाजूने धुराची रेघ निघते ते लख्ख दिसतं. सगळीकडून निघत असेल तर ओढ कमी. एकाच बाजूने निघत असेल तर तिथलं भोक बुजलंय किंवा रबरी घेर फाटलाय. कडेवर पॅड बाहेर काढल्यावरच निघत असेल तर ती सँडरची नाही, हाताची गोष्ट: पॅडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग फळीबाहेर जाऊ देऊ नका.

काटकोन

मार्करची रेघ मारून बघितली. व्हॅक्यूम पूर्ण असताना थबकते, पाइपाच्या सांध्यावरची टेप थोडी सोडली की फिरते. म्हणजे १२५ मिमी, ३ मिमीच्या आसपास ऑर्बिट, एम वर्गाचा व्हॅक्यूम, फ्लीसची पिशवी. शेवटचा प्रश्न: सँडर एका कंपनीचा आणि व्हॅक्यूम दुसऱ्या कंपनीचा घेतला तर जोड बसतो का?

पटाशी

बहुतेकदा बसतो, पण माप लिहून घ्या आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन जा. सँडरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि पाइपाचं टोक तोंडावर चढतं की आत शिरतं, या तीन गोष्टी. नावाला २७ मिमीचा पाइप म्हणजे टोकही २७ मिमीचं असं नसतं. पायऱ्यापायऱ्यांचा रबरी अडॅप्टर बऱ्याच मापांना चालतो, अँटिस्टॅटिक आहे का ते तेवढं विचारा. आणि सांधा गरगर फिरणारा असू द्या, नाहीतर प्रत्येक वळणाला पाइप सँडरला पिळतो आणि पॅड एका बाजूला कलतो. पाइप वरून, छताला किंवा आडव्या दांडीला अडकवून खाली सोडला तर तो टेबलाच्या कडेलाही अडणार नाही.